होडीची विजेवरची ट्रोलिंग मोटर : देखभाल आणि सुटे भाग बदलण्याची पद्धत

होडीला संथपणे पुढे ढकलणाऱ्या ट्रोलिंग मोटरची रचना समजायला अवघड नाही. वर हाताने धरायचा दांडा आणि वेगाचा स्विच, मध्ये पोकळ नळी, आणि नळीच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडून राहणारे बंदिस्त कवच, ज्यात डीसी मोटर असते आणि जिच्या शाफ्टवर पंखा बसवलेला असतो, एवढाच तिचा पसारा. अमेरिकेत नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये फोर्ड मॉडेल ए गाडीच्या स्टार्टर मोटरला लवचीक शाफ्ट आणि पंखा जोडून अशी मोटर तयार केली, आणि मिनेसोटा व डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून त्यांच्या उद्योगाचे नाव मिन कोटा असे पडले. हा इतिहास नवख्या माणसाच्या उपयोगाचा आहे, कारण आजही साध्या ट्रोलिंग मोटरच्या पोटात स्टार्टरसारखीच आर्मेचर (तारांच्या वेटोळ्यांचा फिरणारा भाग), कम्युटेटर (त्याच्या टोकावरील तांब्याच्या पट्ट्यांचे कडे) आणि कार्बन (त्या कड्याला टेकून वीज पोचवणारे ठोकळे) असलेली मोटर असते. त्यामुळे गाड्यांचे स्टार्टर उघडणारा तालुक्याच्या गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन या कामात खरी मदत करू शकतो. फक्त ही मोटर पाण्याखाली चालते, एवढी एक गोष्ट त्याला आवर्जून सांगावी लागते.

या मोटरी क्वचितच आपणहून जळतात. बहुतेक वेळा एकतर शाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून पाणी आत जाते, नाहीतर बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या तारांमध्ये सैल, गंजलेला किंवा अपुऱ्या जाडीचा जोड असतो. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करत जावी आणि कवच उघडणे हे अगदी शेवटचे काम समजावे. एकदा उघडलेले कवच पुन्हा पाणी न शिरू देणारे करणे हे या सगळ्या कामातील सर्वांत नाजूक पाऊल आहे, आणि विनाकारण उघडलेली मोटर बहुधा पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत जोडली जाते.

पुढील माहिती होडीच्या मागच्या फळीला शिकंजाने लावायच्या, हाताने चालवायच्या, १२ व्होल्टच्या मोटरीसाठी आहे. उदाहरणासाठी ५५ पौंड थ्रस्टची, म्हणजे सुमारे २५ किलो जोराने ढकलणारी आणि पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेणारी मोटर धरली आहे. पायाने चालवायच्या किंवा जीपीएसवर जागा धरून ठेवणाऱ्या मोटरींमधील इलेक्ट्रॉनिक भाग येथे घेतलेले नाहीत.

कामाला हात घालण्यापूर्वी

वेगाचा स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबू नये. बॅटरीच्या दोन्ही क्लिपा काढाव्यात आणि एकमेकींना किंवा बॅटरीला चुकून लागणार नाहीत अशा दूर ठेवाव्यात. पंख्याजवळ बोटे असताना मोटर एका झटक्यासाठी जरी फिरली तरी गंभीर इजा होते. हातातील अंगठी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे, कारण १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अडकलेला धातू क्षणात लालबुंद होतो.

मोटर एखाद्या मजबूत टेबलाच्या कडेला शिकंजाने घट्ट लावावी. पाने, पक्कड, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर, सिलिकॉन ग्रीस, स्वच्छ सुती कापड आणि सुटे भाग ठेवायला पांढरा ट्रे एवढे साहित्य बहुतेक कामांना पुरते. प्रत्येक भाग सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. नळीतून येणाऱ्या तारांचे रंग आणि शाफ्टवरील वॉशरांचा क्रम लक्षात राहील असे वाटते, पण तो राहत नाही.

दोष नेमका कोठे आहे

पहिली तपासणी बॅटरीची. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर तिचा व्होल्टेज १२.६ ते १२.७ असावा. तो १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी साधारण निम्मी रिकामी आहे, आणि या अवस्थेत मोटरला दोष देण्यात अर्थ नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मात्र बराच काळ १३ च्या वर स्थिर राहतो, त्यामुळे तिच्यात नेमका किती चार्ज उरला आहे हे केवळ व्होल्टेजवरून कळत नाही. गाडी सुरू करण्याची बॅटरी या कामाची नाही, कारण ती थोडा वेळ मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते आणि पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी केल्यास लवकर खराब होते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी काहीजण वापरतात. तिची क्षमता चांगली असते, परंतु ती जड असते आणि होडी कलल्यास तिच्यातील आम्ल सांडू शकते, म्हणून मी ती सुचवणार नाही.

बॅटरी ठीक असल्यास मोटरच्या तारांची मोकळी टोके एकमेकींना लागत नाहीत हे पाहून पंखा हाताने फिरवावा. तो सहज फिरायला हवा, मात्र आतील चुंबकांमुळे हलकासा अडसर जाणवला पाहिजे. तो खरखरत किंवा घासत फिरत असेल तर बेअरिंग गेलेले आहे, चुंबकाचा टवका उडालेला आहे किंवा आत गंज आहे. तारा वेगळ्या असूनही तो जड आणि धक्के देत फिरत असेल तर आत कोठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहम पल्ल्यावर ठेवून त्याचे एक टोक मोटरच्या तारेला आणि दुसरे पंख्याच्या शाफ्टच्या उघड्या धातूला लावावे. साध्या, सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे टिपणारे यंत्र) नसलेल्या मोटरमध्ये येथे काहीही जोड दिसता कामा नये. आकडा दिसला आणि तो हळूहळू बदलत राहिला तर आत ओल आहे असे समजावे. कवच उघडावे की नाही हे ठरवायला मला याहून खात्रीची तपासणी माहीत नाही, आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पाच वेग असलेल्या मोटरीत आणखी एक खूण मिळते. खालचे वेग चालत नाहीत पण पूर्ण वेग चालतो, असे झाल्यास स्पीड कॉइल जळलेली असते किंवा स्विचमधील एखादा संपर्क गेलेला असतो, कारण खालच्या वेगांना करंट कॉइलमधून जातो आणि पूर्ण वेगाला कॉइल वगळली जाते. कोणताच वेग चालत नसेल तर आधी ब्रेकर (करंट जास्त झाल्यास तो तोडणारा स्विच), मग तारांचे जोड, मग स्विच आणि शेवटी कार्बन असा क्रम घ्यावा.

पंखा, पिन आणि तंगूस

पंखा काढणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त वेळा करायचे काम आहे. पंखा एका हाताने घट्ट धरून मधला नट पान्याने सोडवावा आणि नट व वॉशर काढून घ्यावेत. अनेक मोटरींत शाफ्टच्या टोकाला खाच असते, त्यामुळे पंखा शाफ्टला अडकवणारी आडवी पिन तुटलेली असली आणि पंखा धरूनही शाफ्ट फिरत असला तर त्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट स्थिर करता येतो. नंतर आतली पिन आडवी येईल असा पंखा फिरवून तो सरळ बाहेर ओढावा. तो अडकल्यास पात्यांच्या मागे लाकडी पट्टी धरून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके द्यावेत. एकाच पात्यावर जोर दिल्यास शाफ्ट वाकू शकतो.

पंखा निघाल्यावर शाफ्टच्या मुळाशी नीट पाहावे. गळाची तंगूस तेथे गुंडाळली जाते आणि फिरताना घट्ट होत होत सीलच्या ओठात शिरते. घर्षणाने ती तापते, सील कापते, आणि त्या बारीक चिरेतून पाणी आत जाते. बाहेरून हे काहीच दिसत नाही. मोटर कित्येक दिवस नेहमीसारखी चालते आणि आत मात्र गंज वाढत राहतो. म्हणून मासेमारीसाठी मोटर वापरत असाल तर प्रत्येक फेरीनंतर पंख्याच्या मागे डोकवावे आणि साधारण दर २० तासांच्या वापरानंतर पंखा काढून तपासावे. तंगूस काढताना ब्लेड वापरू नये. तिचे टोक शोधून ती उलटी उलगडावी. जलपर्णीचे तंतू आणि शेवाळ तुलनेने कमी धोकादायक असतात, पण त्यांनी मोटरवरचा भार वाढतो, म्हणून तेही काढावेत.

पिन वाकलेली किंवा झिजलेली असेल तर ती बदलावीच. दगडावर आपटल्यास शाफ्टऐवजी पिन तुटावी अशीच ती बनवलेली असते, त्यामुळे तिच्या जागी कडक पोलादी खिळा कापून बसवणे चुकीचे आहे. नवा पंखा बसवताना त्याची खाच पिनवर पूर्ण बसली आहे हे पाहावे आणि नट हाताला घट्ट लागल्यावर पान्याने साधारण पाव फेरा आणखी फिरवावा. त्याहून जास्त आवळल्यास प्लॅस्टिकचा पंखा तडकतो.

नटाजवळ किंवा त्याच्याच जागी असणारा अॅनोड हा गंज स्वतःवर घेणारा भाग आहे. तो निम्मा झिजला की बदलावा आणि त्याला रंग कधीही लावू नये, कारण रंगाखाली तो निरुपयोगी ठरतो. समुद्राच्या पाण्यात जस्ताचा, कोकणातील खाड्यांसारख्या मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचा आणि धरणाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड योग्य ठरतो. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गोड्या पाण्यासाठी बनवलेली मोटर खाडीत नेली तर अॅनोड बदलूनही ती फार काळ टिकत नाही. खाऱ्या पाण्यासाठी उत्पादक वेगळ्या मोटरी बनवतात, मिन कोटाची रिपटाइड ही त्यांपैकीच, आणि खाडीत नेहमी जाणाऱ्याने तशीच मोटर घ्यावी.

तारा, लग आणि ब्रेकर

मोटर पाण्यात पूर्ण वेगाने चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या तारा जेथे जोडल्या आहेत तेथे, असा दोन ठिकाणी व्होल्टेज मोजावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधल्या तारांत किंवा जोडांत दोष आहे. ५० अँपिअर करंट वाहत असताना एकाच सैल जोडावर अर्धा व्होल्ट पडला तर तेथे २५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे छोटी सोल्डरिंग आयर्न सतत लावून ठेवल्यासारखेच. प्लग वितळणे आणि स्विच काळा पडणे यांचे मूळ बहुधा येथे सापडते.

बॅटरी पुढे आणि मोटर मागे असल्यास तारा लांबवाव्या लागतात, आणि नेमकी तेथे काटकसर केली जाते. तीन मीटर अंतरासाठी जाण्यायेण्याची मिळून सहा मीटर तार होते. त्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर पूर्ण वेगात सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात, तर १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ते ०.३५ व्होल्टच्या आसपास राहतात. तार बहुपदरी आणि शक्यतो कल्हई केलेली घ्यावी. अॅल्युमिनियमची तार होडीत मुळीच वापरू नये.

लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेली धातूची जोडकडी, बदलताना तार काळी पडलेली असेल तर चमकदार तांबे दिसेपर्यंत ती कापावी. लग योग्य क्रिंपिंग पक्कडीने दाबावा आणि जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसणारी नळी) चढवावी. साध्या पकडीने चेपलेला लग हाताला घट्ट वाटतो, पण होडीच्या कंपनाने सैल होतो. बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर बसवावा. घरातील एसी एमसीबी या जागी लावू नये, कारण डीसी करंटची ठिणगी तोडण्यासाठी तो बनवलेला नसतो.

वेगाचा स्विच बदलणे

डोक्यावरील झाकणाचे स्क्रू काढले की स्विच दिसतो. त्यावरील चपट्या टर्मिनलांपैकी एखादे तपकिरी झाले असेल किंवा त्याच्या तारेचे आवरण कडक होऊन तडकले असेल तर तो संपर्क तापत होता हे स्पष्ट आहे. नवा स्विच जुन्याच्या शेजारी, त्याच दिशेने धरावा आणि सर्व तारा एकदम न काढता एकेक तार जुन्यावरून काढून लगेच नव्यावर तिच्याच जागी बसवावी. या पद्धतीत चूक होण्याला जागाच उरत नाही. तपकिरी झालेले टर्मिनल नव्या स्विचवर तसेच चढवू नये, ते कापून नवे क्रिंप करावे, अन्यथा नवा स्विचही त्याच जागी जळेल.

वेग पायऱ्यांऐवजी सलग कमीजास्त होत असेल तर त्या मोटरीत स्पीड कॉइल नसून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तो सीलबंद असतो आणि त्याची दुरुस्ती करण्याऐवजी तो संपूर्ण बदलला जातो. अशा मोटरीला बॅटरी उलटी जोडल्यास नियंत्रक कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून क्लिपांवर लाल आणि काळी टेप ठळकपणे गुंडाळून ठेवावी.

खालचे कवच उघडणे

ओल असल्याचे मल्टिमीटरने दाखवले असेल, कार्बन झिजले असतील किंवा सील गळत असेल तरच येथवर यावे. कवचाचे साधारण तीन तुकडे असतात : नळीला जोडलेली पुढची टोपी, चुंबक बसवलेला मधला भाग आणि शाफ्ट बाहेर येतो ती मागची टोपी. ते सर्व दोन लांब बोल्टांनी आवळलेले असतात. सोडवण्यापूर्वी तिन्ही तुकड्यांवरून जाणारी एक सरळ रेघ टोकदार खिळ्याने ओढावी, म्हणजे जोडताना ते नेमके जुळतील. बोल्ट अडकले असतील तर गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर थांबावे, कारण अॅल्युमिनियममध्ये तुटलेला बोल्ट काढणे हे वेगळेच आणि खर्चिक काम होऊन बसते.

मागची टोपी आणि मधला भाग सरकवून काढताना चुंबक आर्मेचरला जोरात खेचतात. ओढ अचानक सुटते, म्हणून बोटे कडांपासून दूर ठेवावीत आणि मधला भाग टणक जमिनीवर पडू देऊ नये, कारण चुंबक ठिसूळ असतात. आर्मेचर बाहेर आले की कार्बन आणि त्यांच्या स्प्रिंगा दिसतात. कार्बन नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी उरले असतील, एका बाजूने झिजले असतील किंवा खाचेत अडकत असतील तर दोन्ही एकत्रच बदलावेत. शक्यतो त्या मॉडेलचेच कार्बन आणावेत. बाजारातील दुसरे कार्बन घासून मापात आणता येतात, पण त्यांचा कडकपणा वेगळा असल्यास ते कम्युटेटर कोरून काढतात.

कम्युटेटर काळवंडलेला असेल तर तो ४०० किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या अरुंद पट्टीने गोल फिरवत साफ करावा. एमरी पेपर आणि लोखंडी काथ्या वापरू नये, कारण त्यांचे कण फटीत बसून शॉर्ट करू शकतात. पट्ट्यांमधील फटी टोकदार लाकडी काडीने मोकळ्या कराव्यात. मग कम्युटेटरची कोणतीही पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मल्टिमीटरने जोड दिसत नाही ना, हे पाहावे. जोड दिसला तर आर्मेचर वाळवून पुन्हा तपासावे, आणि तरीही तो दिसत राहिला तर आर्मेचर बदलणे किंवा रिवाइंड करणे हाच मार्ग उरतो. कम्युटेटरवर खोल चर असतील तर स्टार्टर दुरुस्त करणाऱ्याकडे लेथवर तो हलकासा खरवडून घेता येतो.

आता सील. कवच उघडले असेल तर जुने सील चांगले दिसत असले तरी बदलावेत. ओ रिंग, म्हणजे जोडांत बसणाऱ्या गोल रबरी कड्या, यासुद्धा नव्याच घालाव्यात. सीलवर माप छापलेले असल्यास बेअरिंगच्या दुकानात तसाच नायट्राइल रबराचा सील मिळण्याची शक्यता असते. मात्र अमेरिकी मोटरींची मापे अनेकदा इंचात असतात, आणि मिलिमीटरमधला जवळपासचा सील चालेल असे समजू नये. जुना सील काढताना त्याच्या घरावर ओरखडा पडू देऊ नये, आणि त्याचा ओठ कोणत्या दिशेला होता याचा फोटो आवर्जून ठेवावा. सील जेथे टेकतो तेथे शाफ्टवर नख फिरवावे. नख अडकण्याइतकी खाच पडलेली असेल तर नवा सीलही तेथे गळेल. अशा वेळी जागा असल्यास सील किंचित पुढे किंवा मागे बसवावा, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी. नवा सील त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ आणि सावकाश दाबून बसवावा आणि त्याच्या ओठात सिलिकॉन ग्रीस भरावे. ग्रीसचा कण कम्युटेटरवर किंवा कार्बनवर जाता कामा नये.

जोडताना कार्बन त्यांच्या खाचांत मागे दाबून पातळ प्लॅस्टिक पट्टीने तसेच धरावेत, कम्युटेटर आत सरकवावा आणि मग पट्टी ओढून घ्यावी. यानंतरचे पाऊल सर्वांना चुकवते. मधला भाग वरून चढवताना चुंबक आर्मेचरला मागे ओढतात, ते कार्बनमधून निसटते आणि कार्बन बाहेर उडी मारतात. म्हणून शाफ्टचे टोक कापड गुंडाळलेल्या पकडीने घट्ट धरून आर्मेचर पुढे दाबलेले ठेवावे आणि दुसऱ्या माणसाने मधला भाग त्यावर सरकवावा. एकट्याने हे करणे शक्य आहे, पण सोपे नाही. वॉशर फोटोप्रमाणे लावावेत, ओ रिंग ग्रीस लावून न पिळता बसवाव्यात, ओढलेली रेघ जुळवावी आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. प्रत्येक वेळी शाफ्ट हाताने फिरवून पाहावा.

चाचणी आणि पुढची निगा

पाण्याने भरलेल्या मोठ्या ड्रममध्ये मोटर बुडवून आधी सर्वांत कमी वेगाने आणि मग एकेक पायरी वाढवत चालवावी. पाण्याबाहेर ती दीर्घकाळ फिरवू नये, कारण सीलला पाण्याचा थंडावा मिळत नाही. दहा मिनिटांनी बॅटरी काढून प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. कोमट जोड चालेल, चटका देणारा चालणार नाही. त्यानंतर कवच रात्रभर पाण्यात तसेच ठेवून सकाळी तार आणि शाफ्ट यांच्यातील तपासणी पुन्हा करावी. काहीही जोड दिसला नाही तरच मोटर होडीवर लावावी.

वापरानंतर मोटर गोड्या पाण्याने धुवावी, आणि खाडीतून आल्यावर तर हे त्याच दिवशी करावे. नळी पाण्यावर आधारित सिलिकॉन स्प्रे लावलेल्या कापडाने पुसावी. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, त्याने प्लॅस्टिक आणि सील दोन्ही खराब होतात. शिकंजाच्या स्क्रूंना हंगामात एकदा ग्रीस लावावे. पावसाळ्यात होडी वर काढल्यावर लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि दर महिन्याला तिचा व्होल्टेज पाहून गरजेप्रमाणे चार्जिंगला लावावी. लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून तारा काढून ठेवाव्यात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीवरून परतल्यावर पंख्याचा नट आणि बॅटरीचे लग पुन्हा एकदा आवळून पाहावेत, आणि होडीतल्या डब्यात एक पिन, एक नट, एक वॉशर व त्या नटाला बसणारा पाना कायम असू द्यावा.